जे मोडत नाही तेच दिसतं

पलंगाच्या कोपऱ्यावर नडगी आपटली की पहिले एक-दोन दिवस तिथे काळंनिळं होतं. मग कडेकडेनं हिरवट झाक येते, आठवड्याभरात सगळं पिवळं पडतं, मागे फिकट तपकिरी डाग राहतो आणि काही दिवसांनी तोही जातो. सगळ्यांनी पाहिलेलं असतं, पण कौतुक कुणाला नसतं, कारण तोवर दुखायचं थांबलेलं असतं. मला मात्र अजूनही तो डाग रोज उघडून बघायची खोड आहे. रक्तवाहिनी फुटून बाहेर सांडलेल्या तांबड्या पेशी तिथे धावून आलेल्या भक्षक पेशी, म्हणजे मॅक्रोफेज, गिळतात आणि त्यांतलं हिमोग्लोबिन तोडत जातात. हिरवा रंग बिलिव्हर्डिनचा, पिवळा बिलिरुबिनचा, तपकिरी रंग साठवलेल्या लोहाचा. पेशींच्या आत चालणारं मोडकाम कातडीवरून दिसावं, अशी दुसरी सोपी जागा मला माहीत नाही.

मार लागला नाही तरी हे काम थांबत नाही. तांबडी पेशी साधारण १२० दिवस चालते. ती तयार होताना आपलं केंद्रक बाहेर टाकते, तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) मोडीत काढते, त्यामुळे पुढे स्वतःची डागडुजी करायला तिच्याजवळ काही उरतच नाही. चार महिने रक्तवाहिन्यांतून घासत फिरते आणि प्लीहेत (पाणथरीत) किंवा यकृतात गिळली जाते. दर सेकंदाला अशा वीसएक लाख पेशी जातात, तितक्याच नव्या येतात. या नव्या पेशींसाठी रोज २० ते २५ मिलीग्रॅम लोह लागतं आणि जेवणातून शरीर शोषून घेतं जेमतेम १ ते २ मिलीग्रॅम. बाकीचं सगळं कालच्या पेशींतून काढलेलं असतं. (पण एवढ्यावरून लोहाच्या गोळ्या बंद करू नका. ज्यांचं रक्त शरीराबाहेर जातं त्यांचा हा हिशोब बिघडलेला असतो, आणि आपल्याकडे अशा बायका घरोघर आहेत.)

गिळलेली पेशी ज्या पिशवीत जिरवली जाते ती पिशवी म्हणजे लायसोसोम. शाळेच्या पुस्तकात तिला लयकारिका म्हणतात आणि ‘आत्मघाती पिशव्या’ असं लिहिलं की एक गुण मिळतो. मीही तो गुण मिळवून पुढे गेले होते. गिळलेलं जिरवणं हे तिचं एक काम. दुसरं काम जास्त घरगुती आहे. पेशीच्या स्वतःच्या आतले जुने झालेले भाग, थकलेल्या तंतुकणिका, वाकडी घडी पडलेली प्रथिनं, हे सगळंही तिथेच येतं.

मी पॅथॉलॉजिस्ट. आयुष्य मायक्रोस्कोपच्या नळीत गेलं. तरी धडधाकट माणसाच्या पेशीतला, नीट काम करणारा लायसोसोम मी रोजच्या स्लाइडवर कधी पाहिला नाही. आमच्या साध्या गुलाबी-निळ्या रंगाईत तो दिसतच नाही. दिसतं ते त्याच्याच्यानं न मोडलेलं. रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षी एका वृद्धाच्या हृदयाचा छेद समोर होता. गुलाबी स्नायुतंतू, मधोमध निळं केंद्रक आणि त्या केंद्रकाच्या दोन्ही टोकांना सोनेरी-तपकिरी दाण्यांची छोटी रास. प्रत्येक पेशीत, त्याच जागी. मला वाटलं, स्टेन नीट गाळला नाही, खडे बसले. सरांनी डोळा लावला, स्लाइड दोन बोटं सरकवली आणि म्हणाले, “वय आहे ते.” आणि पुढच्या टेबलावर गेले.

त्या दाण्यांचं नाव लिपोफ्युसिन. मेद आणि प्रथिनं ऑक्सिडेशननं एकमेकांत अशी अडकून बसतात की कुठलंच विकर (एन्झाइम) त्यांना सोडवू शकत नाही. ज्या पेशी सतत विभागत असतात त्यांच्यात हा गाळ दोन लेकींत, म्हणजे नव्या पेशींत, वाटला जाऊन पातळ होत राहतो. हृदयाची आणि मेंदूची पेशी विभागत नाही, म्हणून तिथे तो साचतो. सत्तरीतल्या हृदयात आणि विशीतल्या हृदयात काय फरक, असं कुणी विचारलं तर मी आधी हे दाणे दाखवीन.

मोडकाम सुरळीत चालू असलं की त्याची खूण उरत नाही. ते अडलं, की ते आपल्याला कळतं. हे मी स्लाइडींवरून शिकले, पण लायसोसोमच्या शोधाची गोष्ट वाचली तेव्हा लक्षात आलं की तिथेही अगदी हेच घडलं होतं.

१९४९ साली बेल्जियममधल्या लूवेनला क्रिस्तियान द द्यूव्ह हे जीवरसायनशास्त्रज्ञ इन्सुलिनच्या मागे लागले होते. यकृतावर इन्सुलिन नेमकं काय करतं, हा त्यांचा प्रश्न. त्यासाठी उंदराचं यकृत हलक्या हातानं घोटून, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून त्याचे थर वेगळे करायचे आणि कुठलं विकर कुठल्या थरात आहे ते मोजायचं. सोबत ॲसिड फॉस्फटेज नावाचं आणखी एक विकर मोजत होते, केवळ तुलनेसाठी. त्या विकरात त्यांना काडीचा रस नव्हता. पण आकडा आला अपेक्षेच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतका. नमुने फ्रीजमध्ये ठेवून दिले. पाच दिवसांनी तेच नमुने पुन्हा मोजले तर विकर पूर्ण ताकदीनं हजर!

आमच्या लॅबमध्ये असं झालं असतं तर पहिली रीडिंग खोडली असती, टेक्निशियनला दोन शब्द सुनावले असते आणि दुसरी रीडिंग रिपोर्टात गेली असती. द द्यूव्ह आणि त्यांचे सहकारी इन्सुलिन बाजूला ठेवून त्या फरकाच्या मागे लागले. विकर पहिल्या दिवशीही तितकंच होतं, फक्त ते कशात तरी बंद होतं. पाच दिवसांत ते वेष्टन झिजलं आणि विकर बाहेर आलं. त्याच वेष्टनात आणखी चार विकरं सापडली, सगळी आम्लात काम करणारी आणि सगळी काही ना काही तोडणारी. १९५५ साली त्यांनी या पिशवीला नाव दिलं, तेव्हा ती कुणी पाहिलेलीसुद्धा नव्हती. अमेरिकेहून अ‍ॅलेक्स नोव्हिकॉफ लूवेनला आले आणि त्यांनी त्या थराची इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली छायाचित्रं काढली, ती नंतर. नाव आधी, दर्शन मागाहून. १९७४ चं नोबेल द द्यूव्ह यांना मिळालं, आल्बेर क्लोद आणि जॉर्ज पलाडे यांच्यासोबत.

पिशवीतला कारभार थोडक्यात असा. आत पन्नासहून जास्त प्रकारची विकरं. पेशीद्रव्याचं पीएच सात-सव्वासातच्या आसपास, पिशवीच्या आत साडेचार ते पाच, म्हणजे बाहेरच्यापेक्षा शंभर पटींहून जास्त आम्ल. हे आम्ल फुकट टिकत नाही. पटलात बसवलेले पंप एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्चून प्रोटॉन सतत आत ढकलत असतात. आणि एखादी पिशवी थोडी गळलीच, तर बाहेरच्या उदासीन वातावरणात ही विकरं बहुतेक थंड पडतात, पेशी वाचते. प्रथिनाची अमिनो आम्लं होतात, साखरेच्या लांब साखळ्यांची साधी साखर, मेदाची मेदाम्लं. मग पटलातली दारं उघडून हा माल परत पेशीद्रव्यात सोडला जातो. आजीच्या पाटल्या मोडून नातीचा हार करायला टाकतात, तेव्हा सोनार पाटलीचा अर्धा भाग तसाच ठेवून त्याला कडी जोडत नाही. आधी सगळं वितळवतो. इथेही तसंच, जुन्याचं नवं करायचं तर मधे त्याची ओळख पूर्ण पुसावी लागते.

द द्यूव्ह यांनी १९६३ साली पेशीच्या या स्वतःलाच खाण्याला ऑटोफॅजी म्हटलं. नंतर पंचवीसेक वर्षं विषय जवळपास तिथेच राहिला. पेशी स्वतःचे भाग खाते हे चित्रांत दिसत होतं, पण कशी खाते, कुठली जनुकं लागतात, हे कुणालाच पकडता येत नव्हतं. कारण पुन्हा तेच. काम इतक्या झटपट उरकायचं की बघायला काही शिल्लक राहायचं नाही.

योशिनोरी ओसुमी यांनी १९८८ साली टोकियो विद्यापीठात स्वतःची लहानशी प्रयोगशाळा सुरू केली. वय त्रेचाळीस. विषय निवडला यीस्टची रिक्तिका, म्हणजे यीस्टमधला लायसोसोमच. पेशीतली कचराकुंडी म्हणून तिच्याकडे फारसं कुणी वळत नव्हतं. स्पर्धा आवडत नाही म्हणून इकडे आलो, असं ते स्वतःच सांगत आले आहेत. त्यांची युक्ती मला अजूनही ग्रेट वाटते. ज्यांच्या रिक्तिकेत प्रथिनं तोडणारी विकरंच नाहीत असे यीस्ट त्यांनी घेतले आणि नत्राचा पुरवठा बंद करून त्यांना उपाशी ठेवलं. उपाशी यीस्ट स्वतःचे भाग रिक्तिकेकडे पाठवू लागले, पण तिथे तोडणारं कुणी नाही. काही तासांत रिक्तिका बारीक गोलकांनी भरून गेल्या आणि ते गोलक आत थरथर हलताना साध्या मायक्रोस्कोपखाली दिसू लागले. मोरी तुंबवली, तेव्हा कळलं की एवढं पाणी रोज वाहून जात होतं!

तुंबलेली रिक्तिका दिसते म्हटल्यावर पुढचं काम सरळ होतं, कष्टाचं असलं तरी. हजारो यीस्टमध्ये उलट-सुलट बदल करायचे आणि उपाशी ठेवूनही ज्यांची रिक्तिका भरत नाही ते हुडकायचे. १९९३ साली त्यांनी असे १५ प्रकार जाहीर केले. त्यांच्यात बिघडलेली जी जनुकं, त्यांतली बहुतेक पुढे माणसातही सापडली. २०१६ चं नोबेल त्यांना एकट्याला मिळालं.

त्या जनुकांमुळे पुढे जे प्रयोग करता आले त्यांतला एक मी कधी विसरणार नाही. २००४ साली जपानमधल्याच नोबोरू मिझुशिमा यांच्या गटानं उंदराची नवजात पिल्लं तपासली. नाळ तुटते त्या क्षणी पिल्लाचं पोषण बंद होतं आणि आईचं दूध पुरेसं मिळू लागेपर्यंत काही तास जातात. त्या तासांत पिल्लाच्या हृदयात, फुप्फुसात, स्नायूंत ऑटोफॅजी एकदम वाढते आणि मग एक-दोन दिवसांत पुन्हा नेहमीवर येते. ज्या पिल्लांत यासाठी लागणारं एक जनुक काढून टाकलं होतं ती जन्मताना जवळपास नेहमीसारखीच दिसत होती, पण दिवसभरातच मेली. म्हणजे जगातला पहिला उपास आपण सगळ्यांनी जन्मल्याबरोबर केलेला असतो, आणि तो स्वतःला थोडं थोडं खाऊन निभावलेला असतो.

उपासाचा विषय निघालाच आहे, तर त्या मेसेजबद्दल बोलायला हवं. ओसुमींचं नोबेल जाहीर झालं त्यानंतर पहिल्याच एकादशीला आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आला: आपल्या पूर्वजांना जे ठाऊक होतं ते जपानी शास्त्रज्ञानं आता सिद्ध केलं. तेव्हापासून दर आषाढी-कार्तिकीला येतो. कधी खाली तुळशीचं चित्र असतं, कधी हात जोडलेले असतात. मी स्वतः एकादशी करते. आईची होती, ती माझ्याकडे आली, आणि त्या दिवशी स्वयंपाकघर लवकर आवरतं हेही खरं. पण ओसुमींनी उपाशी ठेवले ते यीस्ट, आणि नोबेल मिळालं ते ऑटोफॅजीची यंत्रणा उलगडल्याबद्दल. शिवाय आपल्या एकादशीला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस आणि वर राजगिऱ्याचा लाडू असतो. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ म्हणणारे काही लायसोसोमचे अभ्यासक नव्हते, पण त्यांचं निरीक्षण पक्कं होतं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. तो पोटात गेला की इन्सुलिन चढतं, आणि इन्सुलिन ऑटोफॅजीला लगाम घालतं. उपाशीपणी वाढणारं ग्लुकॅगॉन हे संप्रेरक ती वाढवतं, हे उंदराच्या यकृतात द द्यूव्ह यांच्याच गटानं १९६७ साली दाखवलं. ज्या इन्सुलिनचा पाठलाग करताना ते वाट सोडून लायसोसोमकडे वळले, ते असं मागच्या दारानं परत आलं.

बरं, निर्जळी केली तर? किती तासांनी आपल्या यकृतात ऑटोफॅजी वाढेल, सोळा की चोवीस? छातीठोकपणे तास सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, आणि त्याचं कारण पुन्हा ओसुमींच्या प्रयोगातच आहे. पेशीत ऑटोफॅजीचे गोलक खूप दिसले तर दोन अर्थ होतात: काम जोरात चालू आहे, किंवा पुढे तुंबलंय. नुसत्या एका चित्रावरून दोन्हींत फरक करता येत नाही. फरक कळायला लायसोसोम औषधानं मुद्दाम बंद पाडावे लागतात आणि किती साचतं ते मोजावं लागतं. बशीतल्या पेशीत हे होतं, उंदरात होतं. एकादशी धरलेल्या काकूंच्या यकृतात कसं करणार? मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी हा प्रयोग घरी करूच नये, साखर उतरून पडायची वेळ येते. उपास देवासाठी करा, पोटाला आराम म्हणून करा, नोबेलचा दाखला मात्र सोडा.

तुंबणं हाच ज्याचा आजार, असं मूल मी पाहिलं ते नोकरीच्या मधल्या वर्षांत. सहा-सात वर्षांचा मुलगा, हातापायाच्या काड्या आणि पोट नगाऱ्याएवढं. बोन मॅरो काढायला माझ्याकडे पाठवला होता. बरोबर आजी आली होती. “पाणथरी वाढलीये म्हणतात, मॅडम. दोन ठिकाणी मलेरियाचं औषध झालं,” तिनं सांगितलं. प्लेटलेट कमी, रक्त कमी, आणि पाय दुखतात म्हणून रात्री रडायचा. मनात रक्ताच्या कर्करोगाची भीती घेऊनच मी स्लाइड लावली.

कर्करोगाच्या पेशी नव्हत्या. नेहमीच्या पेशींच्या गर्दीत मधून मधून काही पेशी होत्या, शेजारणींच्या कितीतरी पट मोठ्या, फिकट निळसर, केंद्रक एका कडेला ढकललेलं. सगळं पेशीद्रव्य बारीक सुरकुत्यांनी, एकमेकींना लागून पडलेल्या धाग्यांनी भरलेलं. फोकस वरखाली केला की ते धागे आत खोलवर जाताना दिसायचे. गॉशे पेशी. पुस्तकात एकदा पाहिली की ती विसरता येत नाही. फिलिप गॉशे यांनी हा आजार पॅरिसमध्ये १८८२ साली वर्णिला, पण तो मोडकामाचा आजार आहे हे कळायला पुढे ऐंशी-एक वर्षं लागली.

त्या फुगलेल्या पेशी म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या मॅक्रोफेजच. म्हाताऱ्या रक्तपेशी गिळायचं त्यांचं काम त्या इमानेइतबारे करत होत्या. त्या पेशींच्या पटलातला ग्लुकोसेरेब्रोसाइड नावाचा एक मेद तोडायला एकच विकर लागतं आणि या मुलात नेमकं तेच विकर निकामी होतं. पन्नासांतलं एक! रोजच्या अब्जावधी पेशी गिळायच्या, बाकी सगळं मोडायचं आणि हा एक मेद तसाच ठेवून द्यायचा. लायसोसोम फुगतात, पेशी फुगते, प्लीहा फुगते, हाडातली जागा भरून जाते. आईकडून जनुकाची एक बिघडलेली प्रत, वडिलांकडून एक. दोघंही धडधाकट. आजीला मी हे कसं सांगितलं ते आता आठवत नाही. तिनं एवढंच विचारलं की कावीळ नाही ना. विकराची खात्री करायला रक्त मोठ्या शहरात पाठवावं लागलं.

या आजारावर औषध आहे, आणि ते सुचण्यामागचा विचार फार देखणा आहे. विकर नाही ना, मग बाहेरून द्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत रॉस्को ब्रेडी यांनी ते माणसाच्या वारेतून, म्हणजे प्लॅसेंटातून, वेगळं काढलं. नुसतं टोचलं तर ते भलत्याच पेशींत जायचं. मग त्याच्यावरच्या साखरेच्या साखळ्या छाटून मॅनोज नावाची साखर उघडी पाडली, कारण मॅक्रोफेजच्या पाठीवर मॅनोज ओळखणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात. मॅक्रोफेजनं ते विकर पकडलं, गिळलं आणि गिळलेलं सगळं जिथे जातं तिथे नेलं. नेमकं तिथेच ते हवं होतं. १९९१ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. तेव्हा एका रुग्णाच्या वर्षभराच्या औषधाला हजारो प्लॅसेंटा लागत, आता ते संवर्धित पेशींत बनवतात. दर पंधरवड्याला सलाइन, जन्मभर. डोस वजनावर, त्यामुळे मूल वाढतं तसं बिल वाढतं. आपल्याकडे २०२१ साली दुर्मीळ आजारांचं राष्ट्रीय धोरण आलं, मुंबईचं केईएम त्यातल्या केंद्रांपैकी एक, आणि मदतीची मर्यादा नंतर ५० लाख रुपये झाली. रक्कम ऐकायला मोठी वाटते. जन्मभराच्या औषधाला कमाल मर्यादा घालणं हा प्रकार मला कधीच समजलेला नाही.

मॅक्रोफेजला न मोडणाऱ्या गोष्टी बाहेरूनही येतात. दगडखाणीत आणि क्रशरवर काम केलेल्यांच्या फुप्फुसात सिलिकाची धूळ जाते. मॅक्रोफेज ती गिळतो, स्फटिक लायसोसोमचं पटल फाडतात, पेशी मरते, धूळ मोकळी होते आणि पुढचा मॅक्रोफेज तीच धूळ गिळतो. त्या रांगेच्या जागी व्रणाच्या कठीण गाठी उरतात. क्षयाचा जंतू याहून हुशार. तो गिळला जातो, पण ज्या पिशवीत गिळला गेला ती लायसोसोमला जोडूच देत नाही, आणि भक्षकाच्या पोटात बिऱ्हाड थाटतो. हे १९७१ पासून माहीत आहे. दोन्ही आजार आमच्या टेबलावर नेहमीचे आहेत, आणि दोन्हींत मी स्लाइडवर जे बघते ते पुन्हा न मोडलेलंच.

गॉशेच्या गोष्टीला अलीकडे एक नवी वाट फुटली आहे. काही डॉक्टरांच्या लक्षात आलं की गॉशेच्या रुग्णांत आणि त्यांच्या घरच्यांत कंपवात (पार्किन्सन्स) नेहमीपेक्षा जास्त आढळतो. २००९ साली एलेन सिड्रान्स्की यांच्या पुढाकारानं १६ केंद्रांची आकडेवारी एकत्र आली: गॉशेच्या जनुकाची बिघडलेली प्रत कंपवाताच्या रुग्णांत इतरांपेक्षा पाचपटींहून जास्त वेळा सापडते. बिघडलेली एकच प्रत असलेल्या बहुतेकांना कंपवात कधीच होत नाही, हेही लगेच सांगायला हवं. पण मेंदूच्या पेशी विभागत नाहीत आणि तिथलं मोडकाम थोडं जरी मंदावलं तरी साठ-सत्तर वर्षांत त्याची बेरीज होते, हे पटण्यासारखं आहे.

टोचलेलं विकर रक्तातून मेंदूत पोहोचत नाही. म्हणून आधीच मान्यता मिळालेली जुनी औषधं एकेक तपासताना एक हाती लागलं. ॲम्ब्रॉक्सॉल. खोकल्याच्या औषधातलं, मेडिकलच्या कुठल्याही दुकानात मिळणारं. वाकडी घडी पडलेल्या विकराला ते चिकटतं, त्याला धड आकारात धरून ठेवतं, आणि लायसोसोमच्या आम्लात पोहोचल्यावर सोडून देतं. कंपवातात त्याचा खरंच उपयोग होतो का, याच्या चाचण्या चालू आहेत. त्यांतला डोस खोकल्याच्या डोसाच्या कितीतरी पट आहे, त्यामुळे घरातली बाटली तोंडाला लावू नका. ॲम्ब्रॉक्सॉल आलं ब्रोमहेक्सिनवरून, आणि ब्रोमहेक्सिन बेतलं होतं अडुळशातल्या व्हॅसिसिनवरून. हे आमच्या ग्रुपला अजून कळलेलं नाही, आणि मीही सांगणार नाही.